ऑटिझमचं सर्टिफिकेट हातात आलं, पण ऑफिसात टेबल हलेना

माझं निदान तिशी उलटल्यावर झालं, तोवर घरात "तो तसलाच" आणि ऑफिसात "ॲटिट्यूड आहे". गोव्यात वेर्ण्याला एका प्रायव्हेट कंपनीत अकाउंट्सला आहे, टेबल नेमकं हजेरीच्या मशीनला चिकटून, प्रत्येक अंगठ्याला टीं टीं, वर ट्यूब लुकलुकतेय आणि साहेब जाताजाता तोंडी तीन कामं सांगून पसार.

आधी सर्टिफिकेटच्या मागे लागलो. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज, मग सरकारी हॉस्पिटलात तपासणी. तिथे ऑटिझमसाठी इसा नावाची ४० मुद्द्यांची टेस्ट घेतात, नजरेला नजर देतो का, तेच तेच शब्द बोलतो का असलं सगळं. म्हणजे समोर दाढीवाला बाप्या बसलाय आणि आई डॉक्टरांना सांगतेय की चवथीला आरती सुरू झाली की हा झांजांच्या आवाजाने मागच्या परसात पळायचा, मी शरमेने लाल, पण तिच्या त्या सांगण्याचाच उपयोग झाला. तुमचं लहानपण पाहिलेलं कोणी असेल तर सोबत न्याच.

कागद दाखवला तर एचआर म्हणते, "हे गव्हर्नमेंट जॉबसाठी असतं ना?" अर्धं बरोबर आहे, ४ टक्के आरक्षण सरकारीतच आणि त्याला किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. पण २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा प्रायव्हेटलाही सोडत नाही. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेला हवं आणि त्यात सोयीसुविधा हव्यात, २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर लायझन ऑफिसर (दिव्यांगांच्या सोयी बघणारा अधिकारी) सुद्धा, शिवाय वाजवी सोय, म्हणजे काम करता यावं म्हणून लागणारे साधे बदल, नाकारणं कायद्याने भेदभावातच धरलंय. (याच मॅडमचे पणजीच्या पर्पल फेस्टमधले, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवातले फोटो नोटीस बोर्डावर आहेत.) एडीएचडी (लक्ष टिकत नाही, चुळबुळ थांबत नाही ते) मात्र कायद्यातल्या २१ दिव्यांगत्वांच्या यादीत नाही, माझा एक मित्र तिथेच अडकलाय.

मग भांडत न बसता मेल टाकला, धोरणाची कॉपी द्या, टेबल हलवा, कामं लेखी द्या, हेडफोन चालू द्या. खाली एकच ओळ, राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करता येते याची कल्पना असावी. धोरण नव्हतंच! टेबल मात्र त्याच आठवड्यात रेकॉर्ड रूमच्या बाजूला गेलं. साहेब अजून तोंडीच सांगतात, मी जागेवर येऊन मेल करतो "तुम्ही सांगितलं ते असं, बरोबर ना?", ते ओके लिहितात, झालं लेखी. हेडफोनचं घोंगडं तेवढं भिजत पडलंय, धोरणाचा ड्राफ्ट हेड ऑफिसला गेलाय म्हणे.