बुक्क्याचा डावा डोळा

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी बुक्क्याचा डोळा पुसते. गेली दोन वर्षं यात खंड नाही. बुक्का म्हणजे आमचा ससा, वय वर्षं नऊ. रंग बुक्क्यासारखा काळा, म्हणून सासूबाईंनी हे नाव ठेवलं, त्या माळकरी. मुलीनं कॉलेजात असताना त्याला आणलं. पुढं ती नोकरीला पुण्याला गेली आणि तो निपाणीत आमच्याजवळ राहिला.

डावा डोळा वाहायला लागला तो फेब्रुवारीत. डोळ्याखालचे केस सारखे ओले, चिकटलेले. आमच्या गल्लीच्या टोकाला तंबाखूची वखार आहे. हंगामात माणसांचेही डोळे चुरचुरतात, त्यामुळं मला वाटलं, धुळीनं झालं असेल. डोळे आल्यावर माणसं घालतात ते थेंब दुकानातून आणले आणि दोन दिवस घातले. तिसऱ्या दिवशी त्याला डोळा उघडवेना. नंतर कळलं, त्या थेंबांत स्टिरॉइड होतं. डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर जखम असली तर स्टिरॉइडनं ती भरत नाही, उलट खोल जाऊ शकते. सशाच्या डोळ्यात घरातले थेंब कुणीही घालू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

सरकारी पशुदवाखान्यातल्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, "ताई, माझा सगळा दिवस गाई-म्हशींत जातो. सशाचं मला नीट ठाऊक नाही. कोल्हापूरला न्या." त्या प्रामाणिकपणाचं मला आजही मोल वाटतं. बेळगाव आमचा जिल्हा, पण ते ७५ किलोमीटरवर, कोल्हापूर ४०. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की राज्य बदलतं, पण आजारी जीव मांडीवर असला की जवळचा दवाखाना तोच आपला.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आधी एक नारिंगी कागदी पट्टी ओली करून डोळ्याला लावली आणि निळ्या उजेडात पाहिलं. जखम असते तिथं हिरवं चमकतं. एक बारीक ओरखडा होता. मग त्यांनी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली बोटानं हलकं दाबलं, तर दुधासारखा पू वर आला. "हा नुसता डोळ्याचा आजार नाही, दातांचाही आहे," ते म्हणाले. मला काही उमगेना. त्यांनी कवटीचा एक्स-रे काढून दाखवला तेव्हा कळलं.

सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर. गवत चघळून ते झिजले नाहीत की वर वाढतातच, शिवाय मुळंही कवटीत उलट्या दिशेनं सरकतात. अश्रू नाकात नेणारी बारीक नळी या मुळांना लागूनच जाते. तीच दाबली जाते, अश्रू तुंबतात आणि पू धरतो. माणसाच्या प्रत्येक डोळ्याला अश्रू वाहून जायला दोन भोकं असतात, सशाला एकच, खालच्या पापणीत. ते बुजलं की दुसरी वाट नाही. आम्ही सात वर्षं त्याला गोळीखाद्य, गाजर आणि लाडानं पोळीचा तुकडा देत होतो. गवत नावापुरतं. हे ऐकून मला फार वाईट वाटलं.

डोळा बधिर करून, बोथट बारीक नळीनं सलाईन सोडून ती वाट धुतली. पहिल्या वेळी नाकातून पांढरं पाणी आलं. दुसऱ्या वेळी थोडं स्वच्छ. तिसऱ्या वेळी काहीच उतरलं नाही. डॉक्टर म्हणाले, "आता हे पूर्ण बरं होणार नाही. सांभाळायचं." परतताना कागलपर्यंत मी गप्प होते.

मागचे दात घासायला भूल द्यायची होती. सासूबाई म्हणाल्या, "ऑपरेशन हाय न्हवं, रातच्यापास्नं उपाशी ठेव." सुदैवानं मी फोन करून विचारलं. सशाला उलटी होतच नाही, त्यामुळं भुलीआधी त्याला उपाशी ठेवत नाहीत. उलट पोट रिकामं राहिलं तर आतडी थांबायची भीती. चिठ्ठीवर त्यांनी आणखी एक गोष्ट ठळक लिहून दिली: पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन तोंडावाटे कधीही नाही. सशाच्या आतड्यातले उपयोगी जंतू त्यानं बिघडतात आणि ससा दगावू शकतो. पुढं एका दुकानात "तेच घ्या, सारखंच असतंय" म्हणत अमॉक्सिसिलिन पुढं केलं, तेव्हा ती चिठ्ठी दाखवून मी परत आले.

आता रोजचं. टॉवेलात गुंडाळून मागचे पाय नीट आधारानं धरायचे. सशानं जोरात लाथ झाडली तर त्याचाच कणा मोडू शकतो. मलमलचं फडकं सलाईनमध्ये भिजवून चिपडं आधी मऊ करायची, ओढायची नाहीत. कापूस मी वापरत नाही, त्याचे धागे डोळ्यात राहतात. आधी थेंब, पाच-दहा मिनिटांनी मलम. मग गाल कोरडा करायचा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. ओल राहिली की कातडी सोलवटते, केस जातात, आणि पावसाळ्यात माशा बसून किडे पडायची धास्ती. जून ते सप्टेंबर मी दिवसातून चार वेळा पुसते.

गवत दसऱ्यानंतर डोंगराकडून येतं. पेंढी अंगणात झटकून मगच आत आणते, नाहीतर तीच धूळ डोळ्यात.

गेल्या जुलैत एका रात्री त्यानं गवताला तोंड लावलं नाही. लेंड्या आधी बारीक झाल्या, मग थांबल्या. ससा दहा-बारा तास खात नसेल तर सकाळची वाट बघायची नसते, हे तोवर मला माहीत होतं. मुसळधार पावसात आम्ही रात्रीच निघालो. दाताचं एक टोक जिभेला टोचत होतं. औषध आणि सुईविना सिरिंजनं भरवणं चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी पहाटे त्याच्या पेटीत लेंड्या दिसल्या आणि मला रडू आलं.

डाव्या डोळ्यानं आता त्याला दिसत नाही. त्या बाजूनं जाताना मी आधी हाक मारते, मग हात लावते. घरातलं सामान हलवत नाही. त्याचे गुडघे दुखतात म्हणून पेटीची पुढची कड कापून खाली केली आहे. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करते. आज १ किलो ६५० ग्रॅम भरलं, गेल्या आठवड्याएवढंच.

सासूबाई संकष्टीला दुर्वा निवडतात तेव्हा एक जुडी बाजूला काढतात. काल त्याच्यापुढं ती ठेवून मला म्हणाल्या, "उजवा डोळाबी बघ गं एकदा, मला जरा ओला वाटतोय." मंगळवारी कोल्हापूरची वेळ घेतली आहे.