दोन कंपन्या, एकच केबल

आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर एरंडवण्यात आहे आणि तपासणीची मोठी यंत्रं मुठेपलीकडे, सिंहगड रस्त्याला. मधल्या जोडणीसाठी दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या फायबर लाइन घेतल्या होत्या. एक पडली की राउटर आपोआप दुसरीवर जातो. एकीची केबल मुद्दाम काढून आम्ही हे नेहमी तपासतो, आणि ते दर वेळी नीट चालतं. पावसाळ्याआधी शहरभर खोदाई चालू असताना एका सकाळी मात्र दोन्ही लाइनचे दिवे एकदम लाल झाले.

वीज होती, राउटर ठीक होता. फक्त समोरून प्रकाश येत नव्हता. लॅबमधली मुलगी एका हॉस्पिटलला पोटॅशियमचा आकडा फोनवर सांगत होती आणि पलीकडच्या नर्सकडून पुन्हा म्हणवून घेत होती. ते ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. असा आकडा ऐकण्यात चुकला तर पेशंटच्या जिवाशी गाठ.

दोन्ही कंपन्यांची माणसं ओटीडीआर घेऊन आली. हे यंत्र काचेच्या तारेत प्रकाशाचे अगदी छोटे झोत सोडतं आणि उलट येणारा प्रकाश किती वेळाने पोचला ते मोजतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरवर जाऊन परत यायला १० मायक्रोसेकंद. त्यावरून तार किती अंतरावर तुटली ते कळतं. एका यंत्राने १.४ किलोमीटर दाखवलं, दुसऱ्याने १.५. रस्त्याखालच्या चेंबरमध्ये केबलची वेटोळी ठेवलेली असतात, त्यामुळे हे अंतर रस्त्यावरच्या अंतरापेक्षा नेहमी जास्त भरतं. तरी दोन आकडे इतके जवळ पाहून मला शंका आली आणि मी त्यांच्याबरोबरच निघाले.

दोघंही म्हात्रे पुलाच्या अलीकडे एकाच खड्ड्यापाशी थांबले. जेसीबीने केबल ओढून तोडली होती. काळं आवरण फाटलेलं, आतल्या रंगीत तारा विस्कटलेल्या. पहिल्या कंपनीचे काका वाकून म्हणाले, "आमची ब्राऊन." दुसरा मुलगा त्याच केबलकडे बोट दाखवत म्हणाला, "मॅडम, आमची स्लेट, ही करडी. आम्ही यांच्याकडूनच भाड्याने घेतलीय."

आमच्या करारात 'स्वतंत्र मार्ग' असं स्वच्छ लिहिलेलं आहे. ट्रेसरूट, म्हणजे डेटा वाटेत कोणकोणत्या राउटरमधून जातो त्याची यादी, काढला तर दोन लाइनवर वेगवेगळे राउटर, वेगवेगळे आयपी पत्ते दिसायचे आणि ते खरंही होतं. पण ट्रेसरूटला फक्त राउटर दिसतात. मधली तार कोणत्या पाइपातून आणि कोणत्या पुलावरून जाते, हे त्याला कळत नाही. अमेरिकन अभियंते पॉल बॅरन यांनी १९६४ मध्ये दाखवलं होतं की प्रत्येक केंद्राला तीन-चार जोडण्या असल्या तर बराच भाग उद्ध्वस्त झाला तरी उरलेलं जाळं एकमेकांशी बोलू शकतं. त्यात प्रत्येक जोडणी वेगळी तुटेल असं धरलेलं आहे. पुण्यात नदी ओलांडायला पूल मोजकेच आहेत, म्हणून हा प्रश्न इथे जास्तच टोकदार होतो.

काकांनी तुटल्या जागेच्या बरंच मागे जाऊन केबल कापली. ओढ बसली की काच आतल्या आतही तडकते, म्हणाले. मग आवरण सोलून, अल्कोहोलने पुसून त्यांनी १२५ मायक्रॉनची तार सांधा जोडायच्या मशीनमध्ये ठेवली. त्यातला प्रकाश वाहणारा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. स्क्रीनवर दोन टोकं समोरासमोर आली, ठिणगी पडली आणि सांधा दिसेनासा झाला. सांध्यातली प्रकाशाची घट ०.०२ डीबी (डेसिबल), म्हणजे जवळजवळ नाहीच. धुळीत, ट्रॅफिकच्या कडेला, कपाळावरचा घाम काचेवर पडू न देता केलेलं ते काम मी बघतच राहिले. या माणसांना आपण फार कमी ओळखतो.

दुपारी रिपोर्ट सुरू झाले. नंतर मी दोन्ही कंपन्यांकडून केबलचे नकाशे मागवले आणि दुसरी लाइन राजाराम पुलावरून घ्यायला लावली. खर्च वाढतो म्हणून आधी कुरकुर झाली. पोटॅशियमच्या फोनची गोष्ट सांगितल्यावर मंजुरी मिळाली. नवा मार्ग मी त्याच मुलाबरोबर चालून पाहिला, झाकणं उघडून. आमच्या गल्लीच्या तोंडापासून इमारतीपर्यंत दोन्ही केबल अजून एकाच पाइपात आहेत. मागच्या भिंतीकडून वेगळा पाइप टाकण्यासाठी सोसायटीकडे अर्ज दिलाय.