खाडीत भराव पडला आणि माझे सहा महिने

मी देवगड तालुक्यात वकिली करते. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यावर शेजारच्या काकी ऑफिसात आल्या, त्या खाडीत कालवं (खायची शिंपलं) काढायला जातात, म्हणाल्या, "गो बाय, चिपीची झाडां कोणी तोडूक नाय, तरी सुकतत कशी?" जाऊन बघितलं तर बंगलो प्लॉटवाल्यांनी जांभ्याच्या चिऱ्यांचा बांध घालून भरतीचं पाणी अडवलेलं आणि आत लाल माती ओतलेली. चिपी काय, तिवर काय, कांदळवनाच्या या झाडांची चिखलातून वर येणारी श्वासमुळं मातीखाली गेली की झाड उभ्या उभ्या मरतं, कुऱ्हाड लागतच नाही. खूप राग आला.

पण रागाने केस उभी राहत नाही. राष्ट्रीय हरित लवादाकडे, म्हणजे पर्यावरणाच्या तंट्यांसाठीच्या न्यायाधिकरणाकडे, त्याच्या कायद्याच्या कलम 14 खाली अर्ज करायचा तर वाद पहिल्यांदा उद्भवल्यापासून सहा महिने, सबळ कारण असेल तर वर 60 दिवस, त्यानंतर दार बंद. म्हणजे भराव कधी सुरू झाला ती तारीखच सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच कोणाकडे लिहिलेली नव्हती. गावातल्या पोरांच्या मोबाईलमधले क्रिकेटचे फोटो मागितले, मागे खाडी दिसते ना! गूगल अर्थवरची जुनी चित्रं काढली, सातबारा, गटाचा नकाशा, माहिती अधिकाराचे अर्ज. एका कार्यालयाने 30 दिवस उलटले तरी उत्तर दिलं नाही, अपील करावं लागलं, तोवर माझे दोन महिने गेले होते.

समोरच्यांचं म्हणणं, सातबारा आमच्या नावावर आहे आणि कांदळवन हजार चौरस मीटरसुद्धा भरत नाही, म्हणून आम्हाला बंदी लागत नाही. इथे मुंबई हायकोर्टाचा 17 सप्टेंबर 2018 चा निकाल कामाला आला, जमीन कोणाच्याही मालकीची असो, क्षेत्र कितीही असो, कांदळवनाभोवती 50 मीटरात बांधकाम नाही. नुकसानभरपाई मागितली नव्हती म्हणून फी फक्त हजार रुपये, लवादाच्या पुण्यातल्या खंडपीठाकडच्या फेऱ्यांचा खर्च मात्र गावाने वर्गणी काढून केला, काकींनी कालवं विकून आलेले दोनशे रुपये दिले, ते घेताना मला बोलता येईना.

लवादाने संयुक्त पाहणी लावली, समितीला भरतीच्या वेळीच या म्हणून मी हट्ट धरला कारण ओहोटीला बांधाने काय अडवलंय ते कळतच नाही. काम थांबलं, बांध फोडायचा आदेश झाला. मे महिन्यात जेसीबीने बांध फोडला तेव्हा पाणी आत शिरलं, काकी काठावर उभ्या होत्या. आतली माती अजून तशीच आहे, त्यावर पुढची तारीख लागलीय.