मालवणातला बाप्तिस्मा

आज मित्राच्या लेकीचा बाप्तिस्मा होता. आपल्यातले बरेच जण त्याला 'ख्रिस्ती बारसं' म्हणून मोकळे होतात, पण नाव हा त्यातला लहानसा भाग. खरी गोष्ट पाण्याची. फादरांनी 'पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा' म्हणत तीनदा पाणी ओतलं आणि पोरीने अख्खं चर्च डोक्यावर घेतलं. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रात याचा अर्थ चक्क मरण असा आहे: ख्रिस्ताबरोबर पुरलं जायचं आणि नव्या जीवनात उठायचं. सैतानाला नाकारायचं मात्र आईबापांनी आणि गॉडपेरेंट्सनी (म्हणजे बाळाच्या धर्म-आईबापांनी), बाळाला बोलता कुठे येतंय! म्हणूनच बॅप्टिस्ट पंथाची मंडळी तान्ह्यांना बाप्तिस्मा देत नाहीत. स्वतः विश्वास ठेवणाऱ्यालाच, तोही पूर्ण बुडवून. मला तेच जास्त पटतं, पण डुकराच्या मटणाचं सोरपोतेल वाढत असताना वाद कोण घालणार?

जेवताना फादर म्हणाले, बाळ अत्यवस्थ असेल आणि पाद्री जवळ नसेल तर कोणीही, अगदी ख्रिस्ती नसलेली नर्ससुद्धा, चर्च ज्या हेतूने देतं त्याच हेतूने बाप्तिस्मा देऊ शकते. तो कायमचा, पुन्हा द्यावा लागत नाही.

आमच्या आईने लगेच विचारलं, "म्हणजे मी दिलंय तरी चलात?"

"चलात काकी, पण तशी वेळ इली तरच!"