अळूचे पान, कूलंट आणि पाणी गाळणारे पटल

पहिल्या पावसात परड्यातल्या अळूच्या पानांवरून थेंब घरंगळताना पाहिले, की मला कामावरचे मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारे पटल, आठवते. 'अळवावरचे पाणी' असे आपण क्षणभंगुर गोष्टीला म्हणतो. पण त्या थेंबात एक मोजता येणारी गोष्ट आहे. थेंबाची कड पृष्ठभागाशी जो कोन करते, तो ९० अंशांहून कमी असेल तर पृष्ठभाग जलस्नेही आणि जास्त असेल तर जलविरोधी मानला जातो. टेफ्लॉनच्या सपाट पृष्ठभागावर हा कोन सुमारे ११० अंश भरतो. कमळाच्या किंवा अळूच्या पानावर मेण आणि सूक्ष्म खडबडीतपणा एकत्र आल्यामुळे तो १५० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही पुढे जातो.

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात सांडपाणी शुद्ध करण्याचे काम मी अनेक वर्षे पाहत आहे. फौंड्रीतून आलेल्या कास्टिंगवर लेथ आणि ड्रिलिंगचे काम होते, तेव्हा हत्यार थंड ठेवण्यासाठी तेल आणि पाणी मिसळलेले कूलंट वापरतात. वापरून खराब झालेले कूलंट ताकासारखे दिसते आणि टाकीत कितीही दिवस ठेवले तरी त्यातले बारीक तेल वर येत नाही. याचे कारण त्यातला इमल्सिफायर होय. त्याच्या रेणूचे एक टोक तेलात रुतलेले असते, तर दुसरे पाण्याला धरून असते. त्यामुळे तेलाचे थेंब एकमेकांना मिळतच नाहीत. हे पाणी तसेच सोडले, तर ओढ्या-नाल्यांतून ते नदीपर्यंत जाते, आणि पंचगंगेची अवस्था आपण सर्वजण पाहतोच आहोत.

असे तेल वेगळे करायला अल्ट्राफिल्ट्रेशनचे मेम्ब्रेन उपयोगी पडते, कारण त्याची छिद्रे मायक्रॉनच्या शंभराव्या भागाइतकी बारीक असू शकतात. आम्ही प्रथम बसवलेले मेम्ब्रेन पीव्हीडीएफ या जलविरोधी प्लास्टिकचे होते. उष्णता, आम्ल, दाब हे सर्व ते सोसत होते. परंतु पाण्यापेक्षा तेलाशीच त्याचे सख्य अधिक होते. तेलाचा थेंब पृष्ठभागाला चिकटायचा, पसरायचा, छिद्राच्या तोंडाशी बसायचा, आणि काही आठवड्यांत प्रवाह इतका घटला, की धुऊनही तो पूर्ववत होईना.

मग पूर्णपणे जलस्नेही पदार्थच का घेऊ नये, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. अडचण अशी, की जो पदार्थ पाण्याला फार जवळ करतो, तो पाण्यात फुगतो किंवा विरघळतो. पीव्हीपी हा असाच जलस्नेही पदार्थ मेम्ब्रेनमध्ये नुसता मिसळला, तर त्याचा काही भाग वापरात हळूहळू धुऊन जातो. म्हणून आज जे उपाय मला सर्वांत समंजस वाटतात, त्यांत दोन्ही स्वभाव रेणूच्या एकाच लांब साखळीत गुंफलेले असतात: साखळीचा जलविरोधी तुकडा प्लास्टिकमध्ये मुळासारखा रुजतो आणि जलस्नेही तुकडा पाण्याच्या बाजूला बाहेर येतो. मेम्ब्रेन घडते ती रीतही याला मदत करते. पॉलिमरचे द्रावण पातळ पसरून पाण्यात बुडवले, की द्रावक निघून जातो, प्लास्टिक गोठते आणि जलस्नेही टोके आपणहून पाण्याकडे सरकतात. या टोकांभोवती पाण्याचा एक घट्ट थर बसतो. तेलाला पृष्ठभागापर्यंत पोहोचायचे, तर आधी तो थर हटवावा लागतो. कूलंटमध्ये तेल धरून ठेवणारा रेणू आणि तेल दूर ठेवणारी ही साखळी, दोघांची घडण एकाच तत्त्वावर आहे, हे लक्षात आले तेव्हा मला फार आनंद झाला होता.

खारे पाणी गोड करण्याच्या मेम्ब्रेन डिस्टिलेशन पद्धतीत मात्र जलविरोधी थर अनिवार्य असतो. तेथे गरम खारे पाणी एका बाजूला असते. द्रवरूप पाणी छिद्रात शिरू शकत नाही, फक्त वाफ पलीकडे जाते आणि मीठ मागे राहते. हा थर जाड असला, तर वाफेला लांबचा रस्ता पडतो. पातळ असला, तर तो दाबाखाली टिकत नाही. म्हणून पातळ जलविरोधी थराखाली जाड जलस्नेही थर जोडतात. खालचा थर थंड पाण्याने भरून राहतो, वरच्याला आधार देतो आणि वाफेची वाट आखूड होते. गरम पाण्यात तेल असेल, तर त्या बाजूलाही जलस्नेही लेप देतात, म्हणजे तेल जलविरोधी थराला शिवत नाही.

आपल्या पेशींतही हीच मांडणी आढळते. अ‍ॅक्वापोरिन या प्रथिनाच्या वाहिनीची आतली भिंत बरीचशी जलविरोधी असते आणि मोजक्याच जागी पाण्याच्या रेणूला धरणारे गट असतात; त्यामुळे रेणू एका रांगेत, फारसे न अडखळता पुढे सरकतात. या वाहिनीच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता नवे मेम्ब्रेन घेताना पुरवठादाराला मी एक प्रश्न आवर्जून विचारतो: जलस्नेही भाग वरून दिलेला लेप आहे, की प्लास्टिकच्या अंगातच गुंफलेला आहे? कारण आम्हाला ते कॉस्टिक सोड्याने वारंवार धुवावे लागते, आणि नुसता लेप असेल तर त्या धुण्यातच तो निघून जाण्याची भीती असते.