नवतपा, आयसीयू आणि बंद पडलेले एसी

मी नागपुरात एसी रिपेअरिंगचं काम करतो. एसी म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले असं कोणी म्हटलं की मी त्याला ही दुपार सांगतो.

नवतपा चालू होता. २५ मेपासूनचे ते नऊ दिवस, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं. एका छोट्या हॉस्पिटलमधून फोन आला की आयसीयूचे दोन्ही एसी थंड करून नाही राहिले, उष्माघाताचा पेशंट आहे, लवकर या भाऊ. दुपट्टा बांधला आणि निघालो.

पेशंट रोडच्या कामावरचा मजूर, तरणाताठा पोरगा. ताप १०६, अंगाला घामाचा थेंब नाही, काहीबाही बडबडत होता, बायको समोर उभी तर तिला ओळखत नव्हता. सिस्टरनी काखेत, मानेला, जांघेत बर्फाच्या पिशव्या लावल्या होत्या, अंगावर ओली चादर आणि वरून पंखा. डॉक्टर म्हणाले याचं शरीर आता स्वतःहून थंड होणार नाही, आपल्यालाच करावं लागेल आणि जेवढा उशीर तेवढा मेंदूला, किडनीला धोका.

आता कूलर का नाही असं कोणी विचारेल. कूलरवर आमच्या विदर्भाचं जीव तोडून प्रेम आहे, माझंही आहे, कोरड्या हवेत कूलरच्या गवताच्या ताटीतलं पाणी उडतं आणि मस्त गार वारा येतो. पण त्या दिवशी सकाळपासून ढग होते आणि अशा हवेत कूलर नुसती चिपचिप करतो, ओली चादरसुद्धा लवकर सुकत नाही म्हणजे पेशंटच्या अंगातली उष्णता निघत नाही. एसी हवेतलं पाणीच काढून टाकतो. अमेरिकेतले इंजिनिअर विलिस कॅरियर साहेबांनी १९०२ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिली आधुनिक एसी सिस्टीम केली ती याच कामासाठी, दमट हवेनं कागद फुगायचा आणि रंग सरकायचे म्हणून.

वर स्लॅबवर गेलो तर एसीचे बाहेरचे डबे, दोन्ही आउटडोर, एकमेकांना खेटून, एकाची गरम हवा दुसरा ओढून राहिला, उष्णता बाहेर टाकणारी जाळी म्हणजे कंडेन्सर धूळ आणि कबुतराच्या पिसांनी गच्च. एसी काही उष्णता मारून टाकत नाही, आतली उचलून बाहेर फेकतो, आणि बाहेर फेकायलाच वाट नसली तर कंप्रेसर बिचारा किती ढकलेल. एकाचा कॅपॅसिटर, म्हणजे कंप्रेसरला चालू व्हायला जोर देणारा पार्ट, फुगला होता, तो बदलला. दुसरा जास्त तापून ओव्हरलोडवर ट्रिप, म्हणजे आपोआप बंद, बॉडीला हात लावता येत नव्हता. मेन बंद करून कंडेन्सर धुतले, कंप्रेसरवर पाणी ओतत बसलो, दोघांच्या मध्ये एक पत्रा उभा बांधला. लाइन चालू केली, करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावला, अँपिअर बरोबर आले तेव्हा जिवात जीव आला.

आयटीआयला आमचे सर जॉन गोरी नावाच्या डॉक्टरबद्दल फार मनापासून सांगायचे. अमेरिकेत फ्लोरिडाच्या अपालाचिकोला गावी तापाच्या पेशंटच्या खोलीत हा माणूस छताला बर्फाची भांडी टांगायचा. बर्फ यायचा उत्तरेतून जहाजानं, म्हणून त्यानं हवा दाबून बर्फ करणारं मशीनच बनवलं, १८५१ मध्ये पेटंटही मिळालं, पण पैसा लावायला कोणी भेटलं नाही आणि १८५५ मध्ये तो गेला. आपल्या या धंद्याची सुरुवात पेशंटच्या खाटेपाशी झाली याचा मला खूप अभिमान आहे आणि त्या माणसाचे उपकार फार मोठे आहेत, त्या दिवशी तर मी त्याला स्लॅबवरूनच हात जोडले.

संध्याकाळपर्यंत ताप १०१ वर आला. दुसऱ्या दिवशी सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा पोरगा बायकोशी नीट बोलत होता.

त्याच्या भावानं मला बाजूला घेऊन विचारलं, भाऊ, आमची टिनाची खोली आहे, एसी नाही जमणार, काय करू? मी म्हटलं आधी टिनावर हिरवी नेट टाक, आतून थर्मोकोलची सीलिंग मार आणि कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेव, लोकं बंद करून बसतात आणि सगळा ओलावा आतच कोंडतो. आणि नवतप्यात याला दुपारचा कामावर पाठवू नको, काहीही झालं तरी, ढग असले आणि घाम सुकत नसला त्या दिवशी तर मुळीच नाही.