तुम्ही विचारलंत म्हणून: नवीनच का नाही घेतली?

मी माझी जुनी इलेक्ट्रिक गिटार स्वतःच दुरुस्त करायला घेतली, तेव्हापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय, की समोरच्याने नुसतं "पण मग..." म्हटलं तरी पुढचं वाक्य मीच पूर्ण करते. एवढे सुटे भाग, एवढी हत्यारं, एवढ्या संध्याकाळी. त्यात सरळ नवी गिटार आली असती. आली असती. बरी आली असती. पैसे वाचवले असा दावा मी कधीच केलेला नाही, तेव्हा तो हिशेब कृपया पुन्हा ऐकवू नका.

गिटार दुर्मीळही नाही. फेंडरने 1954 मध्ये आणलेल्या स्ट्रॅटोकास्टरचा घाट पुढे असंख्य कंपन्यांनी उचलला, त्यातलीच ही एक. नॉब फिरवला की खरखर, पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकी गुंडाळी) बदलायचा स्विच मधेच मुका, खुंट्या सूर धरायच्या नाहीत. पण नेक, म्हणजे जिच्यावर तारा दाबायच्या ती लांब दांडी, माझ्या हातात बसते. मागचा गोलावा अंगठ्याला कुठे अडत नाही, कडा वाजवून वाजवून मऊ झाल्यात. नव्या गिटारी मी हातात घेऊन पाहिल्या, अगदी प्रामाणिकपणे पाहिल्या, आणि प्रत्येक वेळी अंगठा या नेकची जागा शोधत राहिला. बाकी सगळं बाजारात मिळतं, हे मिळत नाही. उत्तर एवढंच आहे.

यावर हमखास येणारं वाक्य म्हणजे, "तू काय व्हॅन हेलन आहेस का?" नाही. त्या अमेरिकन गिटारवादकाने स्ट्रॅटोकास्टरच्या घाटाच्या बॉडीत गिब्सन कंपनीचा हंबकर, म्हणजे गुणगुण मारणारा दोन गुंडाळ्यांचा पिकअप, बसवला, कारण त्याला हवं ते मिश्रण तेव्हा कुणी विकत नव्हतं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी 1963 मध्ये गिटार बनवायला घेतली आणि तिची नेक शेकोटीच्या जुन्या लाकडी चौकटीतून कोरली. ती माणसं नसलेली गोष्ट घडवत होती. मला असलेली गोष्ट ठेवायची होती. त्यांची नावं माझ्या बचावाला कामाची नाहीत.

विजेचं काम सोपं गेलं. नॉबखालचे पोटेन्शिओमीटर बदलले, 250 किलोओहमचेच. आतल्या पोकळीला तांब्याची पट्टी चिकटवून ती अर्थिंगला जोडली. त्याने विजेची गुणगुण कमी होते, जात नाही. पट्टी विद्युत क्षेत्र अडवते, आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र तिला जुमानत नाही. म्हणून मधला पिकअप उलट गुंडाळीचा आणि उलट ध्रुवाचा घेतला. तो शेजारच्याबरोबर चालू असला की दोघांची गुणगुण एकमेकांना खोडते. हंबकर का नाही, हेही विचारून झालंय. बॉडी कोरावी लागली असती, म्हणून.

खरी गोची फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, होती. जी नेक वाचवायची म्हणून हा सगळा खटाटोप, झिजलं होतं ते नेमकं तिच्यावरच. पहिल्या तीन-चार फ्रेटवर तारांखाली खाचा पडल्या होत्या, आणि सर्वांत खोल खाच दुसऱ्या फ्रेटवर, बी तारेखाली. फ्रेट समतल करायचे म्हणजे खाच भरता येत नाही; आजूबाजूचं सगळं तिच्या पातळीला खाली आणावं लागतं. एका खाचेची किंमत शेवटच्या फ्रेटपर्यंत सगळ्यांनी भरायची.

तारा काढल्या. नेकच्या आतला ट्रस रॉड फिरवून ती पट्टीसारखी सरळ केली, फ्रेट ज्यात बसवलेले असतात त्या लाकडी फिंगरबोर्डवर चिकटपट्टी लावली, प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्करची शाई फिरवली. मग लांब, सपाट लोखंडी दांड्याला पॉलिश पेपर चिकटवून तो नेकच्या लांबीने सरकवायचा, हाताचा भार न देता. उंच फ्रेटची शाई आधी उडते, बसक्यांची राहते. पहिल्या फेऱ्यांत निम्मे फ्रेट चकाकले आणि दुसऱ्यावरची शाई तशीच काळी. पुन्हा सरकवला. काळी. धातूची बारीक पूड चिकटपट्टीवर साचत होती, ती फुंकरीने उडवताना मला स्पष्ट कळत होतं की हा धातू परत येणार नाही. लाकूड चुकलं तर बुजवता येतं, डाख चुकला तर उकलता येतो. इथे फक्त कमी करता येतं.

बी तारेखाली केसाएवढी शाई उरली तेव्हा मी दांडा खाली ठेवला. ती शाई काढायला बाकीच्या सगळ्या फ्रेटची उंची अजून घालवायला लागली असती. खाचेचा तळ तसाच राहू दिला. शिकवणारे म्हणतात, शेवटचा ठिपका जाईपर्यंत घासा. मी नाही घासलं. तार तिथे आज अडत नाही, पण बोट ताणून सूर चढवला तर अगदी हलकी कुरकुर ऐकू येते. मला येते, इतरांना येत नाही म्हणतात.

माथे सपाट झाले की त्यांना पुन्हा गोल करावं लागतं, नाहीतर तार फ्रेटच्या मध्यावर न टेकता कडेवर टेकते आणि सूर सरकतो. अंतर्गोल कानशीने दोन्ही बाजूंनी घासत यायचं, मधे शाईची बारीक रेघ शिल्लक राहीपर्यंत. हे काम निवांत आहे. मला आवडलं.

काही वर्षांपूर्वीची मी हे वाचून हसली असती. तिचं ठाम मत होतं, वाजवणाऱ्याने वाजवावं, ठाकठोक ज्याची त्याला करू द्यावी. पेचकस हातात घेणारे सराव टाळत असतात. तिला खोडायला निघाले तर एक गोष्ट आडवी येते. दुरुस्तीच्या त्या सगळ्या काळात मी खरोखरच वाजवलं नाही. आणि फ्रेट बसके झाल्यावर बोटाखाली लाकूड जास्त जाणवायला लागलं. म्हणजे जी नेक जशीच्या तशी हवी होती, ती तशी राहिलेली नाही. हात तिला सरावला की ती हातालाच धरून आहे, मला सांगता येत नाही. तरी नवी हातात घेतली की अंगठा अजूनही शोधतो, हेही खरं.

आता फ्रेटमध्ये फार तर अजून एकदा घासण्यापुरता धातू आहे. त्यानंतर ते उपटून नवे बसवावे लागतील, आणि उपटताना फिंगरबोर्डचे कपचे निघू शकतात, कितीही जपलं तरी. ते मी स्वतः करणार की जाणकाराकडे देणार, असं कुणी अजून विचारलेलं नाही. विचारलंत तर दोन्ही बाजूंनी भांडायची माझी तयारी आहे.